ठसा आणि अरण्य

मराठी भाषेने 'ठसा' या एका शब्दावर किती कामे सोपवली आहेत, हे पाहण्यासारखे आहे. कापडावर रंग उमटवणारा लाकडाचा कोरीव तुकडा म्हणजे ठसा, आणि त्या तुकड्याने उमटवलेली आकृती म्हणजेही ठसाच. थोर पुरुषाचा ठसा काळावर उमटतो. गुरूचे बोलणे मनावर ठसते. रेखीव अक्षराला ठसठशीत म्हणतात. साधनाला आणि त्याच्या फळाला भाषेने येथे एकच नाव दिले आहे. 'मुद्रा' या शब्दाचेही असेच आहे. राजाची मुद्रा, नाण्याच्या अर्थाने मुद्रा, नर्तकाच्या हाताची मुद्रा आणि माणसाच्या चेहऱ्यावरची मुद्रा असे तिचे अनेक अवतार असून, मुद्रण आणि मुद्रणालय ही तिची अलीकडची अपत्ये होत. या सर्व अर्थांच्या तळाशी एकच अनुभव आहे. कशावर तरी काहीतरी दाबले गेले, दाबणारी वस्तू दूर झाली, आणि तिची खूण मागे राहिली. ठसा पाहणारा माणूस नेहमीच नसलेल्या वस्तूकडे पाहत असतो.

या अर्थाने पाहिले तर भारतीय उपखंडातील फार जुन्या ठशांत वन्य प्राणीही आहेत. सिंधू संस्कृतीच्या कारागिरांनी मऊ दगडाच्या लहानशा चौकोनात गेंडा, वाघ, हत्ती आणि रानरेडा उलटे कोरले, ते ओल्या मातीवर सुलटे उमटावेत म्हणून. ज्या खोऱ्यात ते कोरले गेले तेथे आज गेंडा नाही. त्याच्या वास्तव्याचा पुरावा म्हणून हाडांबरोबर ह्या मुद्राही वाचाव्या लागतात. महाराष्ट्रातही याचा एक दूरचा भाऊबंद आहे. प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ मध्ये ब्राँझची चार शिल्पे सापडली. एक बैलांचा रथ, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या त्या कोरड्या मातीत गेंड्याची आकृती कोणाच्या डोळ्यांतून उतरली असेल, हा प्रश्न पुरातत्त्वाचा आहे. परंतु प्राणी गेला आणि आकृती उरली, ही त्यातली कथा मात्र सर्वांना कळण्यासारखी आहे.

ही कथा जिथे आज नव्याने घडते आहे, अशा ठिकाणांपैकी भिलाई हे एक होय. भिलाईचा विचार ठशाच्या संदर्भात करावा, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारातून दुर्ग जिल्ह्याच्या सपाट माळावर हे पोलादनगर उभे राहिले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. क्रमांकांनी ओळखली जाणारी सेक्टरे, एकसारखी क्वार्टर्स, भोंग्यावर चालणारा दिवस, अशा या नगरात देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली. नागपूर, भंडारा, अमरावतीकडची मराठी कुटुंबेही त्यांत होती. त्यांच्यासाठी हा मुलूख अगदीच परका नव्हता. नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगढावर शतकभर नांदली होती. आणि भिलाईहून फार दूर नसलेल्या राजनांदगावी, मराठी मातृभाषेचे हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध यांनी १९५८ पासून आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे अध्यापनात घालवली. त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत होते. एका घरात दोन भाषांचे ठसे पडावेत, असा हा प्रदेश.

परंतु भिलाईचा ठशाशी असलेला संबंध याहूनही प्रत्यक्ष आहे. या कारखान्यात रेल्वेचे रूळ घडतात. लालबुंद पोलाद लाटणयंत्रांतून जात असताना लाटांवर उलटी कोरलेली अक्षरे रुळाच्या पोटावर सुलटी उमटतात. कारखान्याची खूण, रुळाची जात आणि ते घडल्याचे वर्ष. आसेतुहिमाचल पसरलेल्या रुळांवर ही ठशाची ओळ पुनःपुन्हा येत राहते, आणि तिच्यावरून धावणाऱ्या गाडीतील कोणाही प्रवाशाच्या ती दृष्टीस पडत नाही. सिंधूच्या मुद्राकाराने जे मातीवर केले तेच भिलाईचा कामगार तापल्या पोलादावर करतो. हे सारे नगरच एका अर्थाने छापखाना आहे.

या छापखान्याला लागणारे खनिज दक्षिणेकडच्या दल्ली-राजहराच्या डोंगरांतून आले. ते साठे आटू लागल्यावर दृष्टी आणखी दक्षिणेला, बस्तरच्या उंबरठ्यावरच्या रावघाटच्या दाट रानाकडे वळली. म्हणजे भिलाईचा प्रत्येक रूळ हा आधी एका डोंगराचा भाग होता, आणि त्या डोंगरावर रान होते. अशा नगरातील कोणी हाती पटाशी घेऊन, लाकडाच्या किंवा लिनोलियमच्या तुकड्यावर त्या रानातल्या दुर्मीळ होत चाललेल्या जनावरांची आकृती कोरू लागला, तर त्या कृतीला केवळ छंद म्हणून सोडून देता येत नाही. तिच्यात एक ऋणाची जाणीव येते, आणि काही अवघड प्रश्नही येतात.

आधी त्या कृतीचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. ठशासाठी साग किंवा शिसवासारखे घट्ट रेषेचे लाकूड निवडतात. गुजरातेतील पेथापूरचे ठसेकार सागवानावर पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत आले आहेत. लाकूड वाळवून, तासून, आरशासारखे सपाट करावे लागते. त्यावर आकृती उलटी उतरवतात. मग जेथे रंग नको तेथील लाकूड कोरून काढतात. या शेवटच्या क्रियेतच या कलेचे सारे मर्म आहे. चित्रकार कागदावर रेषा घालतो. ठसेकार रेषा घालीत नाही, तो रेषेच्या भोवतालचे सारे काढून टाकतो. जे काढले गेले ते परत बसवता येत नाही. पटाशी एकदा घसरली की हरणाचा पाय तुटतो, आणि त्या तुटलेल्या पायासह तो ठसा जगतो किंवा टाकून दिला जातो. पुढे शाईचा रूळ फिरवायचा, वर हातकागद ठेवायचा, आणि यंत्र नसेल तर चमच्याच्या पाठीने तो इंच इंच घासायचा. कागद उचलला की डावे ते उजवे झालेले असते. पंचवीस छापे काढायचे ठरले असतील तर प्रत्येकाखाली शिसपेन्सिलीने एक अपूर्णांक लिहितात. ७/२५, म्हणजे पंचविसांतला सातवा. भिलाईहून जवळच्या खैरागढ येथे १९५६ पासून चालत आलेले इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे, त्यामुळे कलेचे हे संस्कार या प्रदेशाला अपरिचित नाहीत.

कापडावरच्या ठसेकामात मात्र वन्य प्राणी सहसा फार दिसत नाही. मध्य प्रदेशातील बागची छपाई घेतली तर तिच्यात वेली, कळ्या, फुले आणि जाळ्या यांचे राज्य आहे. याला धार्मिक संकेताइतकेच एक तांत्रिक कारणही असावे. ठशाला ठसा जुळवीत जाण्यासाठी आकृतीला सुरुवात आणि शेवट नसलेला बरा असतो. वेल कोठेही संपत नाही. प्राण्याला तोंड असते, दिशा असते, नजर असते. तो एकटा उभा राहू शकतो. तोच प्राणी कापडावर शंभरदा उमटवला की त्याचा कळप होतो, आणि कळपातल्या कोणाकडेच आपण निरखून पाहत नाही. म्हणूनच दुर्मीळ प्राण्यासाठी कागदावरचा एकटा छापा अधिक योग्य. त्यात प्राण्याभोवती पुष्कळ कोरी जागा असते, आणि ती जागाही काही बोलते.

छत्तीसगढच्या ठसेकारापुढे कोणते प्राणी आहेत? पहिला मान अर्थातच रानम्हशीचा, जिला तेथे वनभैंसा म्हणतात. ती राज्याचा राज्यप्राणी आहे. आपल्या गोठ्यातल्या म्हशीची ही आदिमाता. म्हसोबाच्या शेंदरी दगडापासून महिषासुरमर्दिनीच्या शिल्पापर्यंत, आणि यमाच्या वाहनापासून पैठणच्या वेद बोलणाऱ्या रेड्यापर्यंत महाराष्ट्राच्या कल्पनासृष्टीत रेडा सर्वत्र आहे. परंतु ज्या रानटी मूळापासून ही सारी प्रतिमासृष्टी निपजली, तो प्राणी मध्य भारतात आता मोजक्याच ठिकाणी उरला आहे. उदंतीच्या अभयारण्यात त्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी झाली. इंद्रावतीच्या परिसरात काही आहेत, आणि नदीच्या अलीकडे महाराष्ट्रात, गडचिरोलीतील कोलामार्का हे वनक्षेत्र त्यांच्यासाठी २०१३ मध्ये संवर्धन राखीव म्हणून घोषित झाले. शिकार आणि जंगलतोड यांच्याबरोबर रानम्हशीला तिसरे भय आहे ते पाळीव म्हशींच्या संकराचे आणि त्यांच्याकडून येणाऱ्या रोगांचे. ठसेकाराच्या दृष्टीने हे भय कलात्मक अडचणही होऊन बसते. काळ्या शाईत रानम्हैस आणि गोठ्यातली म्हैस यांत फरक दाखवायचा कसा? रंग मदतीला येत नाही. शिंगांचा प्रचंड पसारा, खांद्यांचा जडपणा, पायांवरचा फिकट भाग आणि मान उचलून उभे राहण्याची ती अनिर्बंध रीत, एवढ्यातच सारे काही कोरावे लागते. पाळीवपणा हा मानेच्या कोनात असतो, हे ठसा कोरताना कळते.

दुसरी आहे बस्तरची पहाडी मैना, राज्याचा राज्यपक्षी. तिचे अंग तकतकीत काळे आणि डोळ्यांमागे पिवळ्याधमक चामडीची पाळी. छाप्यात हा पिवळा आणायचा तर दुसरा ठसा कोरावा लागतो आणि तो पहिल्याशी केसभरही न चुकता जुळवावा लागतो. कांगेर खोऱ्याच्या राष्ट्रीय उद्यानात हिला आश्रय आहे. माणसाच्या बोलण्याची हुबेहूब नक्कल करण्याचे कौशल्य हेच तिचे दुर्दैव ठरले. त्यापायी शतकानुशतके ती पिंजऱ्यात गेली. जगदलपूरला तिच्या पैदाशीचे प्रयत्न झाले, पण नर आणि मादी बाहेरून सारखेच दिसत असल्यामुळे जोडी लावणेही कठीण होते, आणि ते प्रयत्न फळले नाहीत. मैना ही ध्वनीची ठसेकार आहे. तिने माणसाच्या आवाजाचे ठसे घेतले, आणि माणसाने तिला त्या ठशांसाठी रानातून काढून घेतले.

तिसरा प्राणी आता छत्तीसगढात नाहीच. तो चित्ता. संस्कृतात त्याला चित्रक, चित्रकाय म्हणतात, म्हणजे ज्याची कायाच चित्र आहे असा. १९४७ मध्ये कोरिया संस्थानचे महाराज रामानुज प्रतापसिंह देव यांनी रात्री तीन चित्ते मारले. त्या तीन कलेवरांजवळ बंदूक घेऊन उभ्या राहिलेल्या महाराजांचे छायाचित्र बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवण्यात आले. भारतातील चित्त्याची अखेरची खात्रीलायक नोंद म्हणून तेच सांगितले जाते. १९५२ मध्ये हा प्राणी देशातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. म्हणजे त्याचा शेवटचा ठसा हा शिकाऱ्याच्या विजयाचा ठसा आहे. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातील श्योपूर जिल्ह्याच्या कुनो उद्यानात सोडण्यात आले. श्योपूर हे मुक्तिबोधांचे जन्मगाव. पण आफ्रिकेतला चित्ता आणि येथून नाहीसा झालेला आशियाई चित्ता या एकाच जातीच्या दोन वेगळ्या उपजाती आहेत, हे ठसेकाराने विसरता कामा नये. चित्त्याच्या अंगावरचे ठिपके काळे असल्यामुळे ते कोरता येत नाहीत. ते राखावे लागतात, आणि एकेका ठिपक्यासाठी त्याच्या सभोवतीचे लाकूड तासून काढावे लागते. ठशात भोवतालचे सारे काढून टाकल्यावर प्राणी उरतो. रानात भोवतालचे सारे काढून टाकले की प्राणी उरत नाही. ही कला आणि तिचा विषय यांच्यातला सर्वांत मोठा विरोध हा आहे.

या विरोधाचा इतिहास जुना आहे आणि त्याचे एक टोक गोव्यात आहे. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह याने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याला एक गेंडा भेट दिला. आल्बुकर्कने तो राजा मानुएलला नजराणा म्हणून गोव्याहून १५१५ च्या जानेवारीत रवाना केला, आणि २० मे रोजी तो लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिला नव्हता. त्याच्या वर्णनाचे पत्र आणि एक रेखाटन न्यूरेंबर्गला पोहोचले, आणि आल्ब्रेख्त ड्यूररने त्या आधारावर आपला प्रसिद्ध काष्ठठसा तयार केला. ड्यूररने गेंडा कधी पाहिला नव्हता. त्याच्या गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे आहेत, पायांवर खवले आहेत, आणि पाठीवर एक जादा लहान शिंगही आहे. महानुभावांच्या दृष्टान्तपाठात हत्तीला हाताने चाचपडणाऱ्या जात्यंधांची गोष्ट येते. ड्यूररने तर हातही लावला नव्हता. तरीही हा छापा पुनःपुन्हा निघत राहिला, त्याच्या नकला झाल्या, आणि १७४१ मध्ये बंगालहून नेलेली क्लारा नावाची गेंडी युरोपभर फिरून लोकांच्या डोळ्यांसमोर उभी राहीपर्यंत, सुमारे सव्वादोन शतके, युरोपच्या मनात गेंडा म्हणजे ड्यूररचाच गेंडा होता. खुद्द तो गोव्याहून गेलेला प्राणी मात्र १५१६ मध्ये पोपला भेट म्हणून पाठवला जात असता इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून बुडाला.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवावे. पुण्याच्या पेशव्यांच्या शिकारखान्यात एक गेंडा होता. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने काम करणाऱ्या गंगाराम तांबट या मराठी चित्रकाराने १७९० मध्ये त्याचे चित्र काढले. गंगारामने गेंडा डोळ्यांनी पाहिला होता. कातडीच्या घड्या, पायांची ठेवण, सारे त्याने निरखून उतरवले. परंतु ते चित्र एकच होते. ते विलायतेला गेले, संग्रहात पडले, आणि मराठी माणसाच्या मनावर त्याचा काही ठसा उमटला नाही. याच सुमारास नाना फडणविसांच्या प्रेरणेने तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरून गीता छापण्याचा उद्योग पुण्यात सुरू झाला होता, जो पुढे १८०५ मध्ये मिरजेस सिद्धीस गेला. कोरणारे हात होते, तांबे होते, पाहणारी दृष्टीही होती. ती एकत्र आली असती तर मराठीतले पहिले प्राणिचित्र छापून घरोघरी गेले असते. ड्यूररकडे पाहणे नव्हते, पण छापा होता. गंगारामकडे पाहणे होते, पण छापा नव्हता. छापा हा सत्याचा मित्रही नव्हे आणि शत्रूही नव्हे. त्याला दिले ते तो दूरवर पोहोचवतो. म्हणून रानाचे ठसे कोरणाऱ्यावर पाहण्याची जबाबदारी दुप्पट आहे. त्याची चूक पंचवीसदा छापली जाणार असते.

संख्येचा विचार येथे अपरिहार्य होतो. छाप्याखालचा तो अपूर्णांक प्राणिगणनेच्या आकड्यासारखा दिसतो. उदंतीतल्या रानम्हशींपेक्षा त्यांच्या एका छाप्याच्या प्रती अधिक असू शकतात, या वस्तुस्थितीतच काहीतरी अस्वस्थ करणारे आहे. आणि प्रती काढण्याची ही ओढ आता कागदापुरती राहिलेली नाही. उदंतीत आशा नावाची एकच मादी उरली असता तिच्या शरीरातील पेशी घेऊन कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत तिची प्रतिकृती निर्माण करण्यात आली. १२ डिसेंबर २०१४ रोजी जन्मलेल्या त्या रेडीचे नाव दीपआशा. ती मोठी झाल्यावर नया रायपूरच्या जंगल सफारीत आणली गेली, आणि तिचे रूप पाळीव म्हशीसारखे दिसते, अशा शंकाही घेतल्या गेल्या. शंका खऱ्या असोत वा खोट्या, मूळ ठशाशी छापा जुळतो की नाही हा ठसेकाराचा जुना प्रश्नच येथे प्रयोगशाळेत विचारला गेला. भिलाईच्या लोकांना असा एक छापा घराजवळच पाहायला मिळतो. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून १९७२ मध्ये वसवलेल्या मैत्रीबागेतील पांढरे वाघ प्रसिद्ध आहेत. रेवाच्या महाराजांनी १९५१ मध्ये पकडलेल्या मोहन नावाच्या एका बछड्यापासून, त्याच्याच लेकीशी त्याचा संयोग घडवून, पांढऱ्या वाघांचा हा वंश वाढवण्यात आला. एकाच ठशावरून काढलेल्या या प्रती आहेत, आणि ठसा झिजतो तसे त्यांच्या रक्तातले दोषही वाढत गेले. सुटीच्या दिवशी मुलांना खांद्यावर घेऊन पांढरा वाघ दाखवणाऱ्या बापाला याची कल्पना नसते. त्याच्या मुलाच्या मनावर वाघ म्हणून जो ठसा उमटतो, तो रानात जवळजवळ कोठेच नसलेल्या वाघाचा असतो.

या सगळ्याला एक गंभीर आक्षेप घेता येतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या नगराच्या भरभराटीसाठी डोंगर फोडले गेले, त्याच नगराच्या दिवाणखान्यात नाहीशा होणाऱ्या प्राण्यांचे सुबक छापे चौकटीत लावायचे, हे एक प्रकारचे स्वस्त प्रायश्चित्त नव्हे काय? पटाशीचे पातेसुद्धा कोणत्या तरी डोंगराच्या पोटातूनच आले आहे. प्रतिमा हाती आली की वस्तूची निकड कमी वाटू लागते, हा मनाचा धर्म आहे. श्राद्ध घातले की मेलेल्याविषयीचे कर्तव्य पुरे झाले असे वाटते. त्यातला प्रकार असा, की येथे ज्याचे श्राद्ध चालले आहे तो अद्याप जिवंत आहे.

आक्षेपाची आणखी एक बाजू आहे. रानाची प्रतिमा काढण्याचा पहिला हक्क कोणाचा? बस्तरचे दंडामी माडिया नृत्याच्या वेळी गव्याच्या शिंगांचा मुकुट घालतात. त्यावरूनच वेरियर एल्विन आणि ग्रिगसन यांच्या काळापासून त्यांना बाहेरच्या जगाने एक नाव दिले. गवे विरळ झाले तशी ही शिंगे वाडवडिलांची ठेव म्हणून जपली जाऊ लागली. तो मुकुट भिंतीवर टांगण्यासाठी नसतो. तो डोक्यावर घेऊन नाचायचे असते, म्हणजे प्राण्याचा ठसा स्वतःच्या देहावर वागवायचा असतो. सरगुजाकडच्या स्त्रियांनी गोदना, म्हणजे गोंदणाच्या आकृती, अंगावरून कापडावर उतरवल्या आणि त्यातून एक नवी कला उभी केली. दागिने येथेच राहतात, मेल्यावर बरोबर येते ते फक्त गोंदण, अशी मध्य भारतात श्रद्धा आहे. ती एकाच प्रतीची आवृत्ती असते आणि ठसा घेणाऱ्या कागदाबरोबरच ती संपते. या लोकांच्या हातून रान गेले तेव्हा केवळ प्राणी गेले नाहीत. त्या प्राण्यांशी असलेले नाते सांगणारे आकारही निराधार झाले. नगरातल्या ठसेकाराने या आकारांची उचल करावी आणि त्यांच्या धन्यांची नावे विसरावीत, असे झाले तर तो खाणीचाच दुसरा प्रकार ठरेल.

तरीही हा आक्षेप मान्य करून पटाशी खाली ठेवावी, असे म्हणता येत नाही. छापा हा आपल्याकडे केवळ शोभेचा प्रकार कधीच नव्हता. अंधेरीच्या लहानशा खोलीत राहून चित्तप्रसाद यांनी लिनोकटमधून कामकरी मुलांची, उपाशी माणसांची जी चित्रे केली, त्यांनी कोणाचे सांत्वन केले नाही. बंगालच्या दुष्काळावरचे त्यांचे १९४३ मधील पुस्तक सरकारने जप्त करून नष्ट केले होते. एखाद्या कागदाची सत्तेला भीती वाटावी, याचा अर्थ त्या कागदाला साक्षीदाराचे मोल आहे. प्राण्यांचे छापेही साक्षीदार होऊ शकतात. त्यासाठी त्यांनी गोंडस होण्याचे नाकारले पाहिजे. रानम्हशीच्या भोवतीची कोरी जागा ही कागदाची सजावट आहे की कापलेले रान आहे, हे पाहणाराला कळले पाहिजे.

यात मराठी परंपरेकडून घेण्यासारखे काही आहे. दुर्गहून रेल्वेने नागपूरकडे निघाले की राजनांदगाव, डोंगरगढ मागे पडून गोंदिया येते. त्याच्या दक्षिणेला नवेगावबांध आहे. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून तेथे घालवलेल्या वर्षांचे मराठी साहित्यावर मोठे ऋण आहे. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी रानाची वर्णने लिहिली, आणि त्याबरोबर कोशही रचले. पक्ष्यांची, प्राण्यांची, झाडांची गोंडांच्या, ढिवरांच्या, कोळ्यांच्या तोंडची नावे त्यांनी गोळा केली. महाराष्ट्रात सारस आता गोंदिया-भंडाऱ्याच्या तळ्यांकाठी थोडेच उरले आहेत; ते उद्या नसतील तर त्यांचे नाव तरी असावे, एवढ्यासाठी हा खटाटोप नव्हता. नाव ठाऊक असलेल्या पक्ष्याचे नाहीसे होणे गावाच्या लक्षात येते. नाव ठाऊक नसलेला पक्षी गेला तर कोणाचेच काही गेलेले नसते. नाव हाही ठसाच आहे, आणि तो पुष्कळ स्वस्तात पुष्कळांना देता येतो.

ठसेकाराच्या परंपरेतही अशा नोंदीला जागा आहे. छाप्याच्या खालच्या कडेला प्रतीचा अपूर्णांक, चित्राचे नाव, कलावंताची सही आणि वर्ष एवढे लिहिण्याची रीत आहे. त्यात प्राण्याचे तेथील माणसांच्या तोंडचे नाव आणि तो ज्या रानात, ज्या पाणवठ्यावर पाहिला गेला त्याचे नाव अशा दोन गोष्टींची भर घातली, तर छाप्याचे दस्तऐवजात रूपांतर होते. मग पन्नास वर्षांनी कोणी तो हातात घेईल, तेव्हा चित्र सुंदर आहे की नाही यापूर्वी तो विचारील की हे रान आता कोठे आहे. काही कलावंत ठरलेल्या प्रती काढून झाल्यावर मूळ ठशावर आडवी रेघ मारून तो रद्द करतात, म्हणजे पुन्हा त्याचा उपयोग होऊ नये. प्राण्यांच्या बाबतीत ही आडवी रेघ कोण मारते आणि कोणाच्या संमतीने, हा प्रश्न अशा छाप्याने विचारला तर त्याचे काम झाले.

दल्ली-राजहराहून अंतागढच्या दिशेने रावघाटकडे नवा लोहमार्ग गेला आहे. तो ज्या रानातून जातो तेथे काय काय होते, याची नोंद त्या मार्गाच्या पोलादावर असण्याचे कारण नाही. रुळाच्या पोटावर कारखान्याची खूण आणि वर्ष एवढेच उमटलेले असते. त्या वर्षी त्या रानात कोणती शिंगे पाण्यात बुडत होती, कोणता पक्षी कोणत्या झाडावर बोलत होता, हे कोणाला तरी वेगळे कोरून ठेवावे लागते.